मासुंद्याखालचा पाऊस

आज ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालयात वाचकांना भेटले. १८९३ पासून पुस्तकं सांभाळणाऱ्या या संस्थेत माझ्या अद्भुतरम्य (फँटसी) कादंबरीची प्रत पाहिली. शिवण उसवलेली, पानांना चिकटपट्ट्या. जीव सुखावला!

आठवीतल्या एका मुलीने कोपऱ्यात गाठलं. “ताई, तुमच्या कादंबरीतल्या, आपल्या ठाण्याच्या मासुंदा तलावाखालच्या त्या गावात पाऊस कसा पडतो?” जादूचे नियम, राजघराणी, नकाशे, सगळं मी रचलं होतं. पाऊस मात्र तिने रचून आणलेला. तो खालून वर पडतो म्हणे, आणि माणसं छत्र्या पायाशी धरून चालतात. किती नेमकं! अद्भुतात वाचक शिरतो तो अशा रोजच्या गोष्टींतूनच, हे मला मनापासून पटतं.

दुसऱ्या भागात हा पाऊस येणार. तिची परवानगी तिथेच घेतली आहे.