लोणारच्या पॅनोरमातले रिकामे कोपरे

तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेला व्हरांड्याच्या भिंतीसाठी लोणार सरोवराचा लांबलचक फोटो हवा होता. माझा स्टुडिओ लग्नाच्या अल्बमवर चालतो, पण हे काम मी हौसेनं घेतलं. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, काठावर उभं राहिलं तर एका फोटोत ते मावत नाही. म्हणून कॅमेरा उभा धरला, एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक केला आणि दर फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येईल असं जागेवरच वळत फोटो काढले.

फोटोशॉपच्या फोटोमर्जमध्ये, म्हणजे सुटे फोटो जोडून एक लांब फोटो (पॅनोरमा) करणाऱ्या सोयीत, सिलिंड्रिकल (नळकांड्यासारख्या) मांडणीनं ते छान जुळले. पलीकडचा काठ इतका लांब की जोड कुठं कळतच नाही. कडा मात्र वेड्यावाकड्या आल्या. हातात कॅमेरा धरून काढलं की असंच येतं. वर आकाशात पायऱ्या पडल्यासारख्या जागा सुटल्या होत्या आणि खालचे दोन्ही कोपरे कोरे होते. क्रॉप करून चौकट सरळ करणं सोपं होतं, पण उंचावरून पाहताना पाणी फोटोच्या खालच्या अंगाला येतं. खालून कापलं असतं तर सरोवरच अर्धं गेलं असतं.

मग भरायला घेतलं. लेयरच्या (फोटोशॉपमधल्या एकावर एक थरांपैकी एका थराच्या) छोट्या चित्रावर कंट्रोल दाबून क्लिक केलं, निवड उलटी केली आणि ती काही पिक्सेल आत वाढवली. ही वाढ न विसरता करावी, नाहीतर भरलेल्या भागाच्या कडेनं बारीक रेघ राहते. सगळ्या रिकाम्या जागा एकदम भरू नयेत, हे माझं पक्कं मत. रिकामी जागा भरायचं साधन म्हणजे कंटेंट-अवेअर फिल, ते 2010 साली फोटोशॉपमध्ये आलं. ते स्वतःहून काही जाणत नाही, फोटोतच दुसरीकडे मिळतेजुळते तुकडे शोधतं आणि आणून बसवतं. त्यामुळे तुकडे कुठून उचलायचे हे आपणच सांगावं लागतं. त्याच्या खिडकीत हिरवा रंग चढलेला दिसतो, तीच उचलायची जागा. आकाश भरताना मी डोंगर, झाडं, पाणी या सगळ्यांवरचा हिरवा रंग ब्रशनं पुसला, फक्त आकाश ठेवलं. रोटेशन, म्हणजे उचललेले तुकडे फिरवणं, बंद ठेवलं, कारण ढग उलटा फिरवला की उजेड चुकीच्या बाजूनं पडलेला दिसतो. एक ढग दोनदा आला होता, तो क्लोन स्टॅम्पनं (एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनानं) मऊ ब्रश घेऊन मोडला. वर थोडा नॉइज (बारीक दाणे) टाकला, म्हणजे गुळगुळीत डाग उरत नाहीत. मधे लाईन गेली होती, पण दर टप्प्याला सेव्ह करायची सवय कामी आली.

डाव्या कोपऱ्यात नुसतं गवत आणि काळा दगड होता, तो लवकर झाला.

उजव्या कोपऱ्यात पाण्याचा काठ येत होता. तिथंही एकदा भरून पाहिलं. डोळ्याला सुंदर दिसत होतं, वेडी बाभूळ थेट पाण्यात उतरलेली. शाळेचे सर शेजारी बसले होते, ते मूळचे लोणारचे. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "भाऊ, इथं झाडं पाण्यात कुठं उतरतात? मधात कोरडा खारा पट्टा हाय ना."

त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. 2020 च्या जूनमध्ये पाणी आटलं, खारटपणा वाढला, हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले आणि सरोवर गुलाबी दिसायला लागलं. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. अशा जागेच्या फोटोत पाण्याची रेघ ही नोंदच असते. उद्या कुणी पोरगा हाच फोटो समोर ठेवून काठ किती सरकला ते पाहील. 2023 मध्ये आलेल्या जनरेटिव्ह फिलनं, म्हणजे एआयनं नवं चित्र रचून जागा भरणाऱ्या साधनानं, तो कोपरा पटकन भरला असता, पण तो लोणारचा काठ राहिला नसता. आकाश भरायला माझी हरकत नाही, त्या दिवशीचा ढग कुणी मोजत नाही. पाणी, काठ, देऊळ हे ज्याच्या त्याच्या जागीच पाहिजे.

त्याच जागेवरून, त्याच वेळी काढलेले काही सुटे आडवे फोटो कार्डात होते. त्यातल्या एकात तो कोपरा होता. तो फोटो पॅनोरमाच्या खालच्या लेयरवर ठेवला, वरच्या लेयरची अपारदर्शकता निम्मी केली आणि काठावरच्या ओळखीच्या झाडांवर नजर ठेवून फ्री ट्रान्स्फॉर्म (आकार कमी-जास्त करणं, फिरवणं), मग वॉर्प (हवा तसा वाकवणं) करत बसवला. नंतर मास्क (लेयरचा नको तो भाग झाकणारा पडदा) लावून जोड कोरड्या पट्ट्यातून नेला, कारण तिथं रंग एकसारखा असतो आणि पाण्यात जोड लगेच उघडा पडतो. उजेडातला थोडा फरक कर्व्ह्जनं (उजेड-अंधार कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) काढला. तरी अगदी शेवटची चिंचोळी पट्टी कोणत्याच फोटोत नव्हती, तेवढी कापून टाकली.

फ्लेक्सच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे: आकाशाचा वरचा भाग आणि डावा खालचा कोपरा संगणकावर भरलेला आहे. सरांना पेनड्राइव्हवर पीएसडीही (सगळे लेयर सुटे ठेवणारी फोटोशॉपची फाइल) दिली. भरलेला भाग तिच्यात वेगळ्या लेयरवर आहे, तो बंद केला की रिकाम्या जागा होत्या तशा दिसतात.