आज्ज्याची बेटावरची माणसं

आमचा आज्जा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होता. लहानपणापासून हे इतक्यांदा ऐकलंय की त्याचं काही वाटेनासं झालेलं, म्हणजे कुणाचा आज्जा तालमीत होता, कुणाचा सोसायटीचा चेअरमन होता, तसा आमचा इटलीत. तासगाव तालुक्यातलं गाव, मिरजेतनं रेल्वेनं बेळगावला गेला, मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला आणि जंगी पलटण मिळाली. तो जे सांगायचा त्यातलं निम्मं आम्ही पोरं थापा समजायचो, आणि त्यात सगळ्यात मोठी थाप म्हणजे बेटावरची माणसं.

"आरं, शेजारी न्यूझीलंडवालं हुतं. बाकी गोरी, पर एक आक्खी पलटण आपल्यासारकी सावळी. धिप्पाड गडी. मांडीवर हात आपटत, जीभ भाईर काढून, डोळं वटारून नाचायची, बघूनच भ्या वाटायचं." कुठली माणसं म्हणून विचारलं की, "बेटावरची." संपला विषय. मग पानपुडा निघायचा.

आज्जा जाऊन वीस वर्षं झाली. यंदा २५ एप्रिलला रात्री झोप येईना म्हणून मोबाईल चाळत बसलो होतो, आणि त्या दिवशी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात अँझॅक डे, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस असतो, लोक पहाटे अंधारात स्मारकापाशी जमतात, त्याचे फोटो येत होते. एका जुन्या फोटोत म्हातारे माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, छातीवर मेडलं. आणि खाली लिहिलेलं, २८वी माओरी बटालियन. उठून बसलो.

म्हणजे थाप नव्हती. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर हल्ला झाला तेव्हा आपली आठवी इंडियन डिव्हिजन आणि न्यूझीलंडची डिव्हिजन अगदी शेजारी-शेजारी होत्या. सेनिओ म्हणजे काय फार मोठी नदी नव्हे, आपल्या अग्रणीला पाणी आलं की जेवढी दिसते तेवढी असेल, पण दोन्ही काठांना उंच मातीचे बांध आणि त्या बांधांच्या पोटात जर्मन बिळं करून बसलेले. आधी विमानं, मग तोफा, मग आग फेकणाऱ्या गाड्या, आणि मग माणसं पाण्यात. आज्ज्याच्याच पलटणीतले नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, त्या दिवशी त्यांनी जखमींना पाठीवर घेऊन पाण्यातनं परत आणलं, पुन्हा एकटेच जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची गर्जना केली. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला त्यांना. आज्जा हे सांगताना कधी मोठ्या आवाजात सांगायचा नाही हे आत्ता लक्षात येतंय.

त्या माओरी बटालियनचं वाचत गेलो तर पहाटच झाली. साधारण ३,६०० जण गेले, ६४९ मारले गेले. त्यांच्या कंपन्या सुद्धा भावकीप्रमाणे, म्हणजे एका भागातली, एका कुळातली पोरं एका कंपनीत, त्यामुळं एक वाईट दिवस आला की एकाच गावात दहा घरी रडारड. त्यांच्यातला एक सेकंड लेफ्टनंट नारिमू, २७ मार्च १९४३ ला ट्युनिशियात टेकडी सोडली नाही आणि तिथंच गेला, त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस, मेल्यानंतर. त्याचं पूर्ण नाव मोआना-नुई-आ-कीवा नारिमू. मोआना-नुई-आ-कीवा म्हणजे कीवाचा महासागर, म्हणजे पॅसिफिक. आख्ख्या समुद्राचं नाव पोराला ठेवलेलं, आणि तो मेला कुठं तर वाळवंटात.

आणि मग मी त्या समुद्रात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही, बायको म्हणते आता पुरे.

पॉलिनेशियन लोक, म्हणजे हवाई, ताहिती, सामोआ, टोंगा, न्यूझीलंड, सगळे एका मुळाचे. टोंगा-सामोआकडं पोचले त्याला जवळजवळ २,८०० वर्षं झाली, न्यूझीलंडला मात्र तेराव्या शतकाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं देवगिरीला यादव होते तेव्हा. दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या, शीड लावायचं, बरोबर बायकापोरं, कुत्री, रोपं घ्यायची आणि निघायचं. होकायंत्र नाही, नकाशा नाही. रताळं दक्षिण अमेरिकेतलं, आणि गोरे लोक त्या समुद्रात यायच्या कितीतरी शतकं आधी ते यांच्याकडं होतं, माओरी त्याला कुमारा म्हणतात. आमच्या घरी एकादशीला रताळी उकडतात तेव्हा मी हे सांगतो आणि कुणी ऐकत नाही.

कॅप्टन कुकच्या जहाजावर १७६९ ला तुपाया नावाचा एक पुजारी-नाविक चढला, रायाटेआ बेटाचा. त्यानं सांगितलं त्यावरनं सत्तरच्या वर बेटांचा नकाशा झाला. न्यूझीलंडला पोचल्यावर तिथल्या लोकांशी तो बोलायला लागला आणि त्यांना ते कळलं, मधे हजारो किलोमीटर पाणी असून! आणि प्रवासात कधीही विचारा, ताहिती कुठल्या बाजूला, तो हात करून दाखवायचा. घरी मात्र परत गेला नाही, १७७० ला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तापानं मेला.

मला सगळ्यात जास्त ज्यानं धरलं ते ताऱ्याचं. १९७६ ला हवाईतल्या लोकांनी जुन्या पद्धतीची होडी बांधून, एकही यंत्र न वापरता ताहितीपर्यंत नेली, चार हजार किलोमीटर, महिनाभर. वाट दाखवायला माऊ पियाइलुग नावाचा मायक्रोनेशियातला माणूस आणला, कारण हवाईत ही विद्या येणारं कुणी उरलंच नव्हतं. तो लाटांवरनं दिशा सांगायचा, होडीत आडवा पडून, पाठीला लाट कशी लागते त्यावरनं. त्या होडीचं नाव होकुलेआ. होकुलेआ म्हणजे आपली स्वाती. हवाईवर ती बरोबर डोक्यावरनं जाते, म्हणून घरी परतताना समुद्रात स्वाती डोक्यावर आली की समजायचं, आता हवाईच्या रेषेत आलो. ताहितीसाठी तसाच व्याध.

आता सांगली आणि हवाई अक्षांशानं फार लांब नाहीत. एप्रिलच्या शेवटी रात्री साडेबाराच्या सुमारास गच्चीवर गेलो, मान मागं टाकली, तर स्वाती जवळपास डोक्यावरच. नारिंगी, एकटीच. आमच्याकडं स्वातीचा पाऊस म्हणजे ज्वारीच्या पेरणीची चिंता, तारा कोण बघतो.

बरं, माओरी माणूस ओळख करून देताना आधी डोंगर सांगतो, नदी सांगतो, मग पूर्वज कुठल्या होडीतनं आले तिचं नाव. ताइनुई, आरावा, ताकितिमु. सातशे वर्षांपूर्वीच्या होडीचं नाव! आणि इकडं पहिल्या महायुद्धाचा दगड बघा. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी या गावाला गेलोय मी, ४६ जण मारले गेले त्या एका गावातले. देशभर कितीतरी गावांत तसले दगड आहेत, इथून इतके गेले, त्यातले इतके मेले. आकडा. इराकमधल्या बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही तेच, गोऱ्यांची नावं, हिंदी अंमलदारांची नावं, साध्या शिपायांचा आकडा. २०२१ ला ब्रिटिश सरकारनं त्याबद्दल माफी मागितली म्हणे. मला त्याचं काय करायचं ते कळत नाही.

परवा गावी हेळवी आला होता. तीन-चार वर्षांनी येतो, बैलावर, आणि घराची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतो, बारशाला नवीन पोर असलं की ते चोपडीत घालतो. एरवी मी पुढं जात नाही, आईच ज्वारी घालते. या वेळी समोर जाऊन बसलो. म्हणता म्हणता आज्ज्याच्या चुलत्याचं नाव आलं, जे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, तेव्हा त्याला थांबवलं. हे कोण? त्यानं चोपडीतलं पान मागं उलटलं, बोट ठेवलं.

"जंगी पलटण. बसऱ्याला गेला, आला नाही. लग्न न्हवतं." आणि पुढचं नाव म्हणायला लागला.