चोवीस सेकंदांचा हंगाम

आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात शिरताना डाव्या हाताला जो लाकडी फलक आहे, त्यावर 2001-02 या वर्षासमोर ‘बास्केटबॉल (मुली) : आंतरमहाविद्यालयीन उपविजेतेपद’ एवढी नोंद आहे. नोंद खरी आहे आणि फलकावर त्याहून अधिक मावणारही नाही. परंतु सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा तो हंगाम कसा खेळला गेला हे कोणीतरी लिहून ठेवायला हवे, असे मला फार वाटले. आमच्या संघात एकही मुलगी साडेपाच फुटांहून उंच नव्हती. तरीही आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो, ते बाराच्या बारा जणींना खेळवून, आणि असे खेळण्याला अर्थ आला तो त्या सुमारास बदललेल्या नियमांमुळे. पुढील मजकुरात मी सहकारी खेळाडूंची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. ज्या त्या प्रसंगात जी ती स्वतःला ओळखेल.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे ‘फिबा’ने, 2000 मध्ये खेळाच्या नियमांत मोठे फेरफार केले. तोपर्यंत सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत होत असे. तो दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत विभागला गेला. चेंडू ताब्यात आल्यापासून रिंगकडे फेक करण्यासाठी 30 सेकंद मिळत असत, ती मुदत 24 सेकंदांवर आली आणि आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू पलीकडे नेण्याची दहा सेकंदांची मुदत आठ सेकंदांची झाली. कागदावर हे फरक किरकोळ वाटतात. आमच्या क्रीडा संचालक सरांनी मात्र जिमखान्यातील हिरव्या फळ्यावर मैदान काढून, त्यावर खडूने बाण ओढत, या सहा आणि दोन सेकंदांत काय दडले आहे ते आम्हांला समजावून दिले.

तोवर आमच्याकडच्या मुलींच्या सामन्यांची एक ठरलेली रीत होती. गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारी खेळाडू, तो सावकाश पुढे नेई, संघातली सर्वांत उंच मुलगी ‘डी’मध्ये, म्हणजे रिंगखालच्या आखलेल्या भागात, जागा धरीपर्यंत थांबे, मग तिच्या डोक्यावरून उंच पास जाई आणि ती वळून चेंडू रिंगमध्ये टाकी. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर उंच असते. तिच्याजवळ उभ्या असलेल्या पावणेसहा फुटांच्या मुलीला अडवणे आमच्यापैकी कोणालाही शक्य नव्हते. सरांचे म्हणणे असे की, तिला अडवायचेच कशाला? चेंडू तिच्यापर्यंत पोहोचण्यातच वेळ निघून गेला पाहिजे. प्रतिस्पर्धी गार्डला तिच्या बेसलाइनपासूनच, म्हणजे रिंगमागच्या टोकाच्या रेषेपासूनच, दोघींनी घेरले, तर आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडताना तिची त्रेधा उडेल, आणि ती ओलांडलीच तरी चोवीसपैकी उरलेल्या सोळा-सतरा सेकंदांत घाईघाईने रचलेला हल्ला उंचीचा पुरेसा उपयोग करू शकणार नाही. यालाच खेळाडूंच्या भाषेत ‘फुल कोर्ट प्रेस’ म्हणतात. डावपेच जुना होता. नव्या नियमांनी त्याला धार आणली होती.

प्रश्न दमाचा होता. 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद मैदानावर चाळीस मिनिटे अशी धावपळ पाच मुलींना झेपणारी नाही. पहिल्याच बैठकीत सरांनी सांगून टाकले, “दर तीन-चार मिनिटांनी पाचही जणी बदलणार. बारावी मुलगी जितकी तयार, तितकाच आपला संघ तयार.” या एका वाक्याने संघातले वातावरण किती पालटले, हे ज्यांनी वर्षानुवर्षे बाकावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या आहेत त्यांनाच कळेल. सांगलीहून आलेली, वसतिगृहात राहणारी एक मुलगी आदल्या वर्षी अशीच बसून राहिली होती. आखूड चणीची, पण कमालीची चपळ. प्रेसमधली पहिली जागा सरांनी तिला दिली, आणि त्यानंतर सकाळी साडेपाचला सगळ्यांच्या आधी मैदानावर येण्याचा मान तिने कोणाला मिळू दिला नाही.

मैदान उघडे, सिमेंटचे. सराव जुलैत सुरू झाला. पुण्याचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, हे खरे असले तरी दिवसभर रिपरिपणारी त्याची भुरभुर सिमेंटवर शेवाळ धरायला पुरेशी असते. मैदानावरचे मामा पहाटे येऊन खराट्याने पाणी काढीत आणि रिंगखालची जागा गोणपाटाने पुसून घेत. लेअप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून केलेली फेक, घेताना उडी मारून खाली येणारा पाय तिथेच पडतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते. चामड्याचा चेंडू भिजून जड होई म्हणून सरावाला रबरी चेंडू वापरावा लागे. तोही पुरुषांच्याच मापाचा, 7 क्रमांकाचा, साधारण 75 सेंटिमीटर घेराचा. मुलींसाठी लहान आणि हलका 6 क्रमांकाचा चेंडू फिबाने 2004 मध्ये स्वीकारला. आमच्या पिढीच्या बोटांनी तो सुटसुटीतपणा अनुभवलाच नाही. तरीही तीन जणींनी एकमेकींना पास देत, एकमेकींच्या मागून धावत पूर्ण मैदान पार करण्याचा सराव आम्ही त्याच चेंडूने इतका केला की, पास कुठे येणार हे न पाहताच हात पुढे होऊ लागले.

पाऊस वाढून खेळणे अगदीच अशक्य झाले की आम्ही जिमखान्याच्या व्हरांड्यात उभ्या राहत असू आणि सर गोष्टी सांगत. मूळ खेळ अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी तयार केला, तो हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावा म्हणून. आणि आपण मात्र तो पावसात खेळतो आहोत, असे ते म्हणत. मग ठरलेली गोष्ट येई ती 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकची. ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा तो पहिलाच समावेश, सामने उघड्यावर, मातीच्या मैदानावर, आणि अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस. चिखलात चेंडू टप्पाच घेईना, त्यामुळे ड्रिबल बंद, सगळा खेळ पासवर. अमेरिकेने कॅनडाला हरवले ते 19 विरुद्ध 8 अशा गुणांनी. ही गोष्ट सांगून झाली की सर म्हणत, “चला, आता ड्रिबल न करता खेळायचे.” आणि पाऊस जरा ओसरताच तसाच सराव होई. ड्रिबल न करता, केवळ पासवर चेंडू पुढे नेण्याची जी सवय आम्हांला लागली, ती या पावसाळी सकाळींची देणगी होती आणि माझ्या मते आमच्या वेगाचे खरे कारणही तेच होते.

चोवीस सेकंद दाखवणारे विजेचे घड्याळ आमच्याकडे नव्हते. स्टॉपवॉच घेऊन रेषेबाहेर एक मुलगी उभी राही आणि शेवटचे पाच आकडे मोठ्याने मोजी. हे काम सर आळीपाळीने प्रत्येकीला देत. त्यामागचा हेतू आम्हांला हळूहळू उमगला: वेळ मोजणाऱ्या मुलीला चोवीस सेकंद किती लांब असतात हे समजते, आणि मैदानावर गेल्यावर ती उगाच घाई करीत नाही. शेवटी शेवटी स्टॉपवॉचवाचूनही ‘आता दहा उरले’ हे आतून कळू लागले होते.

बाकीच्या अडचणी सगळ्याच संघांना असतात तशाच होत्या. विज्ञान शाखेच्या मुलींची प्रात्यक्षिके संध्याकाळपर्यंत चालत. गणपतीच्या दिवसांत ढोल-पथकातल्या दोघींचे हात दुखत, आणि पेठेत राहणाऱ्या मुलींना मिरवणुकांच्या गर्दीतून सायकल काढणेही कठीण होई. घरून विरोध असा फारसा नव्हता, मात्र ‘अंधार पडायच्या आत घरी’ ही अट बहुतेकींना होती. आमची कर्णधार वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. ती मोजकेच बोले, पण जिच्या घरी अडचण असेल तिच्याकडे न सांगता जाऊन आई-वडिलांशी बोलून येई. बारा जणींचा संघ हंगामभर बाराचाच राहिला, याचे श्रेय मी तिला देते.

स्पर्धेतील पहिले सामने आम्ही सहज जिंकले. प्रेस कोणाला अपेक्षितच नव्हता. उपांत्य सामना मात्र कर्वे रस्त्यावरील एका महाविद्यालयाच्या मातब्बर संघाशी होता, आणि मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. त्या मध्यंतरात सरांनी डावपेच बदलला नाही. त्यांनी फक्त समोरच्या बाकाकडे पाहायला सांगितले: त्यांच्या पाचही जणी सलग वीस मिनिटे खेळल्या होत्या आणि आमच्यातली कोणीही दहा-अकरा मिनिटांहून अधिक खेळलेली नव्हती. तिसऱ्या भागात त्याचा प्रत्यय आला. चेंडू खेळाबाहेर जाऊन शिट्टी वाजल्याशिवाय बदली खेळाडूला आत जाता येत नाही, त्यामुळे आमच्या पाच जणी टेबलाजवळ तयार बसून असत, शिट्टी वाजताच एकदम आत जात, आणि दमलेल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर पुन्हा ताज्या दमाच्या पाच मुली उभ्या राहत. त्यांची गार्ड, जी खरोखर उत्तम खेळाडू होती, आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडू शकली नाही असे लागोपाठ घडू लागले. सांगलीच्या आमच्या मुलीने दोनदा तिच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि एकटीने धावत जाऊन लेअप केला. चौथ्या भागाच्या मध्यावर बरोबरी झाली आणि सामना आम्ही सहा गुणांनी जिंकला. कडेला उभे असलेले मामा सामना संपल्यावर प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत गेले, हे मला आजही स्पष्ट आठवते.

अंतिम सामना आम्ही हरलो, आणि का हरलो हेही नीट सांगितले पाहिजे, कारण विजेत्या संघाने तो विजय बुद्धीने मिळवला होता. त्यांनी आमचा उपांत्य सामना पाहिला होता. चेंडू गार्डने वाहून न्यायचाच नाही, अशी त्यांची योजना होती. त्यांची उंच मुलगी ‘डी’त न थांबता मधल्या रेषेजवळ येऊन उभी राही, बेसलाइनवरून तिच्याकडे प्रेसच्या डोक्यावरून लांब पास जाई, आणि तिथून दोन पासांत चेंडू रिंगखाली पोहोचे. घेरायला दोघी पुढे गेलेल्या असल्यामुळे आमच्या मागे जागा मोकळी पडलेली असे. शिवाय प्रेसमध्ये फाउल होतातच, आणि एका भागातील पाचव्या सांघिक फाउलपासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. ते त्यांनी फारसे चुकवले नाहीत. सरांनी टाइम-आउट घेऊन आम्हांला अर्ध्या मैदानातील झोनवर, म्हणजे प्रत्येकीने आपापली जागा राखण्याच्या बचावावर, आणले. तिथून खेळ सावरला, अंतर कमी होत गेले, आणि शेवटच्या मिनिटात दोन गुणांनी मागे असताना चेंडू आमच्याकडे आला.

त्या हल्ल्याबद्दल नंतर खूप बोलले गेले. कर्णधाराने चेंडू मोकळ्या असलेल्या मुलीकडे दिला आणि तिने तीन गुणांच्या रेषेबाहेरून, तेव्हाच्या 6.25 मीटरवरून, फेक केली. चेंडू रिंगच्या कडेवर आदळून बाहेर आला, रिबाउंड त्यांना मिळाला, फाउल झाला, दोन्ही फ्री थ्रो आत गेले आणि सामना चार गुणांनी संपला. दोन गुणांची खात्रीची फेक का घेतली नाही, असे अनेकांनी विचारले. मी मैदानावर होते, म्हणून ठामपणे लिहिते की ती फेक योग्य होती. आत त्यांच्या तीन उंच मुली होत्या, घड्याळ संपत आले होते, आणि सरावात त्या जागेवरून तिच्याइतके चेंडू दुसऱ्या कोणीही आत टाकले नव्हते. सरांनीही सामन्यानंतर सर्वांसमोर तिला हेच सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला तिलाच पहिली फेक करायला लावली.

त्या हंगामानंतर तिघींची पुणे शहर विभागाच्या संघात निवड झाली, आणि सांगलीची आमची मैत्रीण पुढे विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळली. त्या बातमीचे कात्रण वसतिगृहाच्या सूचनाफलकावर वर्षाअखेरपर्यंत होते. सर निवृत्त झाले. प्रत्येकीचे फ्री थ्रो आणि मैदानावरील मिनिटे त्यांनी ज्या वह्यांत नोंदवली होती त्यांपैकी दोन त्यांनी मला दिल्या आणि मी त्या या वर्षी क्रीडा विभागाकडे सोपवल्या आहेत. मैदानही बदलले आहे. 2010 मध्ये तीन गुणांची रेषा 6.75 मीटरवर गेली आणि आमच्या वेळची खाली रुंद होत जाणारी ‘डी’ आयताकृती झाली, त्यानुसार नवे पट्टे आखलेले मी पाहिले.

सध्याच्या मुलींशी बोलताना कळले की अनेक ठिकाणी स्पर्धेला आठ-नऊ खेळाडूच पाठवले जातात, कारण गणवेश, बूट आणि प्रवासभत्ता यांचा खर्च वाढला आहे. आपल्या महाविद्यालयात तसे होऊ नये, अशी माझी व्यवस्थापनाला कळकळीची विनंती आहे. मुलींचा संघ बारा जणींचाच निवडावा आणि बाराही जणींना खेळायला मिळावे. यंदाच्या हंगामातील शेवटच्या चार खेळाडूंचा गणवेश, बूट आणि प्रवास यांसाठी लागणारी रक्कम 2001-02 च्या संघाने क्रीडा विभागाकडे जमा केली आहे, आणि पुढील वर्षीही ती जूनमध्ये, निवड चाचणीच्या आधी, पोहोचेल.