शिवणाच्या बाई आणि कागदाची पट्टी

शाळेच्या अमृतमहोत्सवाचा मेसेज आपल्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि खाली लिहिलं होतं की स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा. मी शाळा सुटल्यापासून चार ओळी कधी सलग लिहिल्या नाहीत, पण शिवणाच्या बाईंबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं, म्हणून बसले.

माझं गणित कसं होतं हे वर्गातल्या सगळ्यांना माहितीये. सत्तावीसचा पाढा सोडा, मला सत्तावीस लिहितानाच घाम फुटायचा. कानाला आधी सात ऐकू येतो मग वीस, आणि लिहायचा मात्र आधी दोन, मग मी हमखास ७२ लिहायचे. एकोणतीस, एकोणचाळीस तर विचारूच नका. घड्याळ सातवीपर्यंत कळत नव्हतं, बसचा नंबर वाचेपर्यंत बस निघून जायची. मराठी, इतिहास, चित्रकला सगळं चांगलं, त्यामुळे घरी-दारी एकच निष्कर्ष, पोरगी लक्ष देत नाही. गणिताच्या तासाला माझं काय व्हायचं ते इथे लिहीत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल.

आठवीत शिवणाच्या तासाला झबलं होतं. आईने तुळशीबागेतून पांढरं मलमल आणलेलं, मोजकंच. बाईंनी छाती एकवीस सांगितली, मी वहीत १२ लिहिलं आणि त्या मापाने कापून मोकळी झाले. बाहुलीला बसलं असतं एवढंसं झालं ते. शेजारच्या मुली हसल्या, मी कापड दप्तरात कोंबायला लागले, तेवढ्यात बाई आल्या. वही बघितली, कापड बघितलं, मागची पानं पण उलटून बघितली, सगळीकडे असेच उलटे आकडे. काही बोलल्या नाहीत. टेबलावरच्या सकाळच्या पेपरची एक लांब पट्टी फाडली, टेप तिच्यावर ठेवून स्वतःच छातीच्या मापाला कात्रीने खाच मारली आणि पट्टी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आकडा राहू दे. हीच छाती. आता घडी घाल, परत एक घडी घाल. झाला ना चौथा भाग? त्यात बोटभर ढिलाई सोड आणि काप."

मी घातली घडी. एकवीस भागिले चार मला आजही तोंडी येणार नाही, पण चौथा भाग माझ्या हातात होता आणि तो बरोबर होता!! कापड त्यांनी स्वतःच्या कपाटातून दिलं, आईला कळवलं नाही.

मार्च १९८८ ला दहावीत गणितात गेले, ऑक्टोबरला सुटले, त्या सहा महिन्यांत बाई दर शनिवारी शिवणाच्या खोलीत मला बसवायच्या. पुढे शिवणाचा डिप्लोमा केला आणि आता नारायण पेठेत माझं वर्कशॉप आहे, पाच बायका कामाला आहेत, पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी कॉलेजच्या पोरांची रांग लागते नाटकाच्या कपड्यांसाठी. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी नावानिशी खिळ्याला टांगलेली, एक खाच छाती, दोन खाचा कंबर. हिशोब पुतणी बघते.

त्याच पुतणीला सहावीत टेस्टला नेलं होतं तेव्हा तिथल्या मॅडम एकेक लक्षणं सांगत होत्या आणि मला वाटत होतं या माझ्याबद्दलच बोलतायत. डिस्कॅल्क्युलिया. पंचेचाळिसाव्या वर्षी मला माझ्या त्रासाचं नाव कळलं. त्याचा बुद्धीशी संबंध नसतो, मेंदूला संख्येचा अंदाजच नीट येत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे आलंय, बोर्डात अशा मुलांना जादा वेळ मिळतो, कॅल्क्युलेटर मिळतो. पुतणी दहावी पहिल्या फटक्यात पास झाली. तिला आकड्यांना वेळ लागतो, पण कॅल्क्युलेटर घेऊन बसली की माझा हिशोब चोख ठेवते. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसला वीस एक असं आणलं तेव्हा केवढी टिंगल झाली, मला मात्र ते वाचून रडू आलं होतं.

परवा शाळेत गेले तर शिवणाची खोली नाही. तिथे कंप्युटर लॅब आहे. चांगलंच आहे, पण खिडकीखालच्या त्या उषाच्या मशिनी कुठे गेल्या ते शिपाईमामांनाही सांगता येईना, फार वाईट वाटलं. एखाद्या मुलीला हाताने गणित कळत असेल तर तिने आता कुठे बसायचं?

बाई कोथरूडला असतात, पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. कार्यक्रमाला येणार आहेत, मी रिक्षाने आणणार आहे. मागच्या आठवड्यात ब्लाउजचं माप घ्यायला गेले होते, पेपरची पट्टी घेऊनच. खांदे फार उतरलेत त्यांचे. मी खाचा मारत होते तोवर त्या हात वर धरून शांत उभ्या होत्या, माप किती आलं ते काही विचारलं नाही. ब्लाउज शिवून झालाय, हुक लावायचे तेवढे राहिलेत.