पाकिटं अनेक, मालक मोजकेच

नारायणगाव-मंचर पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रात टोमॅटोच्या संकरित वाणांची पाकिटं पाहिली की वाटतं, निवडीला भरपूर वाव आहे. पण ब्रँड मोजून स्पर्धा कळत नाही, मालक मोजावे लागतात. भाजीपाल्याचं बियाणं विकणारी सेमिनिस 2005 मध्ये मोन्सॅन्टोकडे गेली आणि 2018 मध्ये खुद्द मोन्सॅन्टो बायरने घेतली. भाजीपाला बियाण्यातलीच नुनहेम्स तेव्हा आधीपासून बायरची होती. दोन्ही एकाच घरात राहू नयेत म्हणून नुनहेम्स बीएएसएफला विकावी लागली. डाऊ-ड्युपॉंटच्या विलीनीकरणातून कॉर्टेव्हा निघाली, सिंजेंटा चिनी सरकारी कंपनीकडे गेली. बियाणं आणि त्यावरचं कीटकनाशक, दोन्ही विकणारे हेच.

कपाशीत हे आणखी स्पष्ट दिसतं. चाळीसहून अधिक भारतीय कंपन्या बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेलं बियाणं विकत होत्या, पण जनुकाचा परवाना एकाच ठिकाणाहून. म्हणून प्रत्येक पाकिटात जनुकाचं शुल्क होतंच. केंद्राने बीजी-2 साठी, म्हणजे बीटीच्या दुसऱ्या पिढीसाठी, ते 2016 मध्ये 49 रुपयांवर आणलं, 2018 मध्ये 39, 2019 मध्ये 20, आणि 2020 पासून शून्य. गुलाबी बोंडअळीने त्या जनुकाला दाद देणं थांबवलं तेव्हा सगळेच ब्रँड एकदम उघडे पडले. मक्तेदारीचा खरा धोका मला किमतीपेक्षा इथे दिसतो.

संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी धरता येत नाही, गुणधर्म फुटतात. सोयाबीन मात्र सरळ वाण, म्हणजे घरचं बी पेरलं तरी गुण तेच राहतात, आणि 2001 चा पीक वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला घरचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क देतो. फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. या हक्काचा वापर आपण फार कमी करतो.

घरचं सोयाबीन फसतं ते बहुधा मळणीत. साल पातळ असते, ड्रम जोरात फिरला की बी आतून फुटतं आणि वरून धड दिसतं. बियाण्याच्या मळणीला ड्रमचे फेरे मिनिटाला 400 च्या आसपास ठेवा. पोत्यांची थप्पी पाचाच्या वर नको, सिमेंटच्या जमिनीवर थेट तर नकोच. मे महिन्यात न निवडता 100 दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, सात-आठ दिवसांनी निरोगी कोंब मोजा. 70 आले तर एकरी 30 किलो, 60 आले तर 35. त्याहून कमी आले तर ते बी पेरू नका.