शुनबुन नो हि: समाधीची साफसफाई आणि बोतामोची

शुनबुन नो हि, म्हणजे वसंत संपाताचा दिवस (20 किंवा 21 मार्च), ही जपानमधली राष्ट्रीय सुट्टी. नेमकी तारीख राष्ट्रीय वेधशाळेच्या गणितावरून ठरते आणि आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत राजपत्रात छापून येते. 2027 मध्ये ती 21 मार्चला, रविवारी येतेय, म्हणून सोमवारचीही सुट्टी. 1948 च्या कायद्यात हेतू दिलाय तो निसर्गाची थोरवी गाणं आणि सजीवांवर माया करणं. पूर्वजांचं नावही नाही. लोक जातात मात्र समाधीवर, कारण ओहिगानच्या, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या, सात दिवसांतला हा मधला दिवस.

आधी तण उपटायचं, मग बादलीतलं पाणी पळीने दगडावर ओतून मऊ स्पंजने घासायचं. तारेच्या ब्रशने पॉलिशवर चरे पडतात. कोरलेल्या अक्षरांतलं शेवाळ काढायला जुना टूथब्रश पुरतो. शेवटी कोरड्या फडक्याने पुसायचं. हे टाळलं की पाण्याचे डाग राहतात. आजोबांना आवडायची म्हणून साके (तांदळाची दारू) दगडावर ओतू नये, तिचेही डाग पडतात. उदबत्तीची ज्योत फुंकत नाहीत, हाताने वारा घालून विझवतात. नैवेद्य परत न्यायचा, नाहीतर कावळे पांगवून टाकतात.

खरी मेहनत बोतामोचीची, म्हणजे गोड सारण लपेटलेल्या भाताच्या गोळ्यांची. 300 ग्रॅम चिकट तांदूळ आणि 150 ग्रॅम साधा जपानी तांदूळ धुऊन तासभर भिजवायचा, मग एकत्र शिजवायचा. नुसता चिकट तांदूळ घेतला तर गोळा फार चिवट होतो. भात ओल्या मुसळीने अर्धवटच कुटायचा, दाणे हाताला लागले पाहिजेत. सारणासाठी 300 ग्रॅम अझुकी (बारीक लाल कडधान्य) न भिजवता उकळायची, पहिलं पाणी तुरट असतं ते फेकायचं, आणि दाणा दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवायचं. साखर (साधारण 250 ग्रॅम) त्यानंतरच, दोन-तीन वेळा करून. आधी घातली तर दाणे कडकच राहतात, मग कितीही शिजवा. चिमूटभर मीठ शेवटी. सारण गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणून थोडं सैल असतानाच गॅस बंद करायचा.

हात ओले करून भाताचे लांबट गोळे वळायचे आणि त्यांवर सारण लपेटायचं. फ्रिजमध्ये ठेवले तर भात कडक होतो. त्याच दिवशी संपवावेत; उरलेच तर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये.