आमची वाटचाल : तुंबलेल्या मोरीपासून चित्रवहीपर्यंत

रंगवून आणि कागद-तुकडे चिकटवून भरायच्या चित्रवह्या आम्ही बनवतो; या व्यवसायाची सुरुवात एका तुंबलेल्या मोरीपासून झाली, असे सांगितले की नवे ग्राहक हसतात. पण खरे आहे ते. गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी चित्रकलेचे वर्ग घेत असे. मोठ्या मुलांना पोस्टर कलरबरोबर ॲक्रिलिकही वापरू देत असे आणि वर्ग सुटला की साऱ्या ताटल्या मोरीत धुतल्या जात. एका पावसाळ्यात मोरी तुंबली, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली, आणि प्लंबरने पाइपात तार घालून जे ओढून काढले ते रबरासारखे लवचिक, निळ्या-तांबड्या थरांचे कातडे होते. पोस्टर कलर पाण्याबरोबर वाहून जातो. ॲक्रिलिकमधले पाणी मात्र उडाले की त्यातील प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही, हे मी वर्गात शिकवत होते आणि घरी विसरत होते. ते कातडे धुऊन, वाळवून, कात्रीने त्याचे तुकडे करून मी हिशेबाच्या एका जुन्या वहीत चिकटवले. आमच्या पहिल्या चित्रवहीचे ते पहिले पान.

त्यानंतर ताटल्यांवरचा उरलेला रंग प्लास्टिकच्या कागदावर पसरून वाळवायचा आणि दुसऱ्या दिवशी सोलून ठेवायचा, असा शिरस्ता पडला. जो रंग ओलाच ठेवायचा तो आरंभी मी एकाच बरणीत ओतत होते, आणि आठवड्याअखेरीस बरणीत चिखल होत होता. तांबड्यात हिरवा किंवा निळ्यात नारिंगी गेला की दोन्ही एकमेकांचे तेज मारतात, त्याला इलाज नाही. म्हणून उष्ण रंगांची एक आणि शीत रंगांची एक अशा दोन बरण्या केल्या. चिखलाची तिसरी बरणी तरीही ठेवली, कारण त्या करड्या रंगात थोडा पांढरा मिसळून पानाला पहिला हात दिला, तर वर चिकटवलेली कोणतीही गोष्ट परकी वाटत नाही. आजही सर्वांत आधी संपते ती हीच बरणी. पाणी घातलेला रंग बरणीत फार दिवस राहिला तर कुजून वास मारतो, हेही आम्ही एकदा नाक धरून शिकलो.

वर्गातल्या मुलांच्या आया अशा वह्या मागू लागल्या, तेव्हा अब्दुल रहमान स्ट्रीटवरून जाड कागद आणून एका कारागिराकडून चाळीस वह्या बांधून घेतल्या. दहा पाने भरली की त्यांचे तोंड सिंहासारखे वासू लागले आणि कण्याची शिवण तुटली. माझे सासरे, नाना, छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात आयुष्यभर काम केलेले. त्यांनी एक वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “अगं, पानं जाड होणार हे तुला ठाऊक आहे, मग कण्यात त्यांना जागा कुठे ठेवलीस?” त्यांनी जुजबांधणी, म्हणजे एकात एक दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे (जुज) शिवून केलेली बांधणी, नव्याने आखून दिली : चार कागदांचे एक जुज, आणि दर दोन जुजांमध्ये त्याच कागदाची दुमडलेली, अर्ध्या इंचाची पट्टी शिवायची. अशी वही कोरी असताना पाचरीसारखी दिसते, कण्याकडे जाड आणि कडेला पातळ. पाने भरत गेली की ती सपाट होत जाते. ती सदोष समजून परत करणारे ग्राहक अजूनही भेटतात, आणि मी पैसे परत देण्याआधी त्यांना भरलेली वही हातात देते.

मुंबईच्या जुलैने मात्र आम्हाला खरे रडवले. ॲक्रिलिकचा थर हाताला कोरडा लागला तरी दमट हवेत किंचित मऊच राहतो, आणि दोन रंगवलेली पाने समोरासमोर दाबली गेली की एकमेकांना धरून बसतात. डोंबिवलीच्या एका ग्राहक बाईंची वही तशीच चिकटली. पान सोडवताना रंग समोरच्या पानावर गेला. बाईंनी स्पष्ट शब्दांत सुनावले, आणि ते बरोबरच होते. तेव्हापासून प्रत्येक वहीबरोबर बटर पेपरचे कापलेले तुकडे देतो आणि शेवटचा हात चकचकीत नव्हे, तर मॅट मिडियमचा, म्हणजे चमक नसलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकचा द्यायला सांगतो.

त्याच पावसाळ्यातली दुसरी फजिती कार्यशाळेत झाली. कुर्ट श्विटर्स या जर्मन चित्रकाराने पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटे आणि फाटके कागद चिकटवून चित्रे केली, हे सांगून मी सर्वांना बेस्टची तिकिटे आणायला सांगितले होते. पाने लवकर वाळेनात म्हणून हेअर ड्रायर धरला, आणि यंत्रातून निघालेली तिकिटे डोळ्यांदेखत काळी पडू लागली. हा कागद उष्णतेनेच उमटतो, हे माझ्या ध्यानात राहिले नव्हते. शिवाय एरवीही त्यावरची अक्षरे कालांतराने फिकी होतात. आता अशा तिकिटांची आधी झेरॉक्स काढतो. एका मुलीने मात्र ते काळे पडलेले तिकीट तसेच ठेवले आणि त्यावर पांढऱ्या ऑइल पेस्टलने पाऊस काढला. ऑइल पेस्टल नेहमी शेवटीच घ्यायचा, कारण त्याच्या मेणावर पाण्याचा रंग बसत नाही.

आज आम्ही चौघी आहोत. गणेशोत्सव उरकला की लालबाग-परळच्या मूर्तींच्या कारखान्यांतून उरलेले पाण्यातले रंग आणतो. त्यांतल्या सोनेरीसाठी आमच्यातच भांडण होते. इमारतींचे रंगकाम झाल्यावर उरलेले इमल्शन पानांना अस्तर म्हणून चालते. ऑइल पेंट कोणी फुकट दिला तरी घेत नाही : त्याचे तेल कच्च्या कागदात उतरून पिवळे डाग पाडते आणि मिटलेल्या वहीत तो वाळता वाळत नाही. सध्या नानांच्या पद्धतीने मोठ्या, आडव्या वहीचा प्रयत्न चालू आहे. तीन नमुने झाले, तिन्हींचा कणा मधोमध वाकला, म्हणून ती वही अद्याप विक्रीला काढलेली नाही.